बुकर टी. अँड द एमजीज यांचा 'मेल्टिंग पॉट' (१९७१) : साथीदारांनी स्वतःसाठी वाजवलेला अल्बम

पायपेटी

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्स या (कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताच्या) कंपनीचे घरचे वादक म्हणून बुकर टी. अँड द एमजीज हा चौघांचा संच १९६२ पासून काम करत होता. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, एडी फ्लॉइड, कार्ला थॉमस, विल्यम बेल, ब्लूज गाणारा आल्बर्ट किंग यांच्या त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत गायकाच्या मागे जे काही वाजते, ते बहुतेक वेळा याच चौघांचे असते. दिवसभर दुसऱ्यांची गाणी उभी करायची आणि मधल्या मोकळ्या वेळात आपले काही वाजवायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. जानेवारी १९७१ मध्ये आलेला 'मेल्टिंग पॉट' मी गेली अनेक वर्षे ऐकतो आहे. त्याविषयी माझे एक मत बनले आहे, ते येथे मांडतो. आपण त्याची चिरफाड करावी. समोर गायक नसताना आणि घड्याळाचे बंधन सुटलेले असतानाही हे चौघे या अल्बममध्ये साथच करत आहेत. फरक एवढाच, की ती साथ आता एकमेकांची आहे.

ज्यांना हा संच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देतो. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, ड्रम्सवर अल जॅक्सन धाकटा आणि बासवर सुरुवातीला लुई स्टाइनबर्ग, तर साठच्या दशकाच्या मध्यापासून डोनाल्ड 'डक' डन. म्हणजे दोन कृष्णवर्णीय आणि दोन गोरे, तेही मेम्फिसमध्ये, जेथे त्या काळी हे चौघे एका टेबलाशी बसून जेवले असते तरी लोकांच्या भुवया उंचावल्या असत्या. १९६२ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका गायकाच्या कामासाठी हे वादक जमले होते. ते काम फिसकटले, तेव्हा रिकाम्या वेळात त्यांनी एक संथ ब्लूज वाजवली आणि कंपनीचा मालक जिम स्टुअर्ट याने ती मुद्रित करून ठेवली. तबकडीला दुसरी बाजू हवी म्हणून बुकरने आपल्याजवळची एक चाल काढली. तीच पुढे 'ग्रीन अनियन्स' म्हणून गाजली आणि ज्या बाजूसाठी सारा खटाटोप केला होता, ती बाजू लोक विसरून गेले. बुकर तेव्हा सतरा वर्षांचा होता.

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या पिटातली पायपेटी आठवते (माझे टोपणनावही तेथूनच आले आहे), म्हणून हॅमंड ऑर्गनविषयी दोन वाक्ये लिहितो. पायपेटीत भाता हवा भरतो आणि पितळी पट्ट्या थरथरतात. हॅमंडमध्ये हवेचा संबंधच नाही. दातेरी लोखंडी चकत्या चुंबकाशेजारी फिरत राहतात, तारेच्या वेटोळ्यात त्यांचा विद्युतप्रवाह उमटतो आणि तो ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो. बहुतेक वादक त्याला फिरत्या भोंग्याचा लेस्ली स्पीकर जोडतात, त्यामुळे सूर हेलकावे खातो. पट्टी दाबताच होणारा बारीकसा 'टक्' हा आवाज खरे तर यंत्राचा दोष; पण सोल आणि जॅझ वाजवणाऱ्यांनी त्याचेच सौंदर्य केले. बुकरच्या हाती या वाद्याचा स्वर फारसा फुगत नाही. चर्चमध्ये ऑर्गन जसा सगळा अवकाश भरून टाकतो तसे तो करत नाही. एक छोटे वाक्य म्हणतो, थांबतो आणि त्या थांबलेल्या जागेत क्रॉपरची गिटार दोन सुरांत उत्तर देते.

ही मितभाषी सवय साथ करण्यातून आली, असे मला वाटते. गायकाला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. ओटिस रेडिंगसारखा गायक समोर असताना ज्याने एकही सूर फुकट खर्च केला नाही, त्याला गायक निघून गेल्यावरही उधळपट्टी करवत नाही. 'मेल्टिंग पॉट'ची पहिली, त्याच नावाची रचना सव्वाआठ मिनिटांची आहे. सव्वाआठ मिनिटे मिळाल्यावर दुसऱ्या कोणत्याही संचाने प्रत्येकाला एकेकदा पुढे आणून टाळ्या घेऊ दिल्या असत्या. येथे डन आणि जॅक्सन सुरुवातीलाच एक पक्का रस्ता आखतात, क्रॉपर त्यावर तुटक आघातांची नक्षी काढतो, बुकर उशिरा आणि बेताने आत येतो. मध्यावर सगळे मिळून आवाज खाली आणतात, इतका की आता रचना संपते की काय असे वाटावे, आणि तेथून पुन्हा हळूहळू चढत जातात. चढ कोणा एकाचा नाही. कोण कोणाला वर नेतो आहे हे मला आजवर नेमके सांगता आलेले नाही.

अल्बममधल्या आठही रचना त्यांच्या स्वतःच्या आहेत, हेही महत्त्वाचे आहे. १९६२ च्या 'ग्रीन अनियन्स' अल्बमवर बारांपैकी जेमतेम तीन रचना त्यांच्या होत्या. बाकी सगळी इतरांची गाजलेली गाणी होती, कारण वाद्यसंगीत खपवायचे तर ओळखीची चाल हवी, असा तेव्हाचा व्यवहार होता.

दुसरी गोष्ट जागेची. त्यांचे सगळे आयुष्य मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या एका जुन्या चित्रपटगृहात गेले होते. स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन (दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरे मिळून 'स्टॅक्स') यांनी ते भाड्याने घेऊन त्याचा स्टुडिओ केला. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. 'मेल्टिंग पॉट' मात्र न्यूयॉर्कला मुद्रित झाला, कारण बुकर तोवर कॅलिफोर्नियाला राहायला गेला होता आणि कंपनीच्या बदललेल्या कारभाराला इतका विटला होता, की त्या स्टुडिओत परत जाऊन वाजवायला तो तयार नव्हता. या चौघांचा स्टॅक्ससाठीचा हा शेवटचा अल्बम ठरला. घर सुटल्यावर वाजवलेले संगीत घरातल्या सवयींनीच वाजवले गेले, असे मला ऐकू येते. आपणांस काय वाटते?

दादरकर

लेख आवडला, पण मूळ मताशी मी सहमत नाही. सोल हे गळ्याचे संगीत आहे. चर्चमधल्या गायनातून ते आले, आणि त्यातली आर्तता शब्द आणि श्वास यांच्या ओढाताणीतून निर्माण होते. गळा काढून घेतल्यावर उरतो तो ठेका आणि काही सुबक वळणे. 'ग्रीन अनियन्स' तीन मिनिटांच्या आत संपते म्हणून ती खुलते. चटणीसारखी पानात डावीकडे वाढलेली बरी. सव्वाआठ मिनिटे चटणी कोण खाणार? शिवाय 'मेल्टिंग पॉट'ची दुसरी बाजू मी दोनदा प्रयत्न करूनही पूर्ण ऐकू शकलो नाही. 'काइंडा ईझी लाइक' ही तर पावणेनऊ मिनिटांच्या घरात जाते आणि तिच्यात मागे बायका 'आ-ऊ' करत राहतात. वाद्यसंगीताच्या अल्बममध्ये त्यांचे प्रयोजन काय?

आपण ज्याला मितभाषीपणा म्हणता, त्याला मी सावधपणा म्हणेन. आयुष्यभर मागे उभे राहिलेल्या माणसाला पुढे येऊन बोलता येत नाही, असेही या अल्बमचे वर्णन करता येईल.

पायपेटी

दादरकर, शेवटचे वाक्य झोंबणारे आहे आणि त्यात तथ्यही असू शकते. पण पुढे येऊन बोलणे हाच वादनाचा हेतू धरला, तर तो निकष आपण एकलवादनाकडून उसना आणला असे होईल. चटणीची उपमा मान्य. फक्त येथे ताटात दुसरे काही वाढलेलेच नाही, आणि तरी जेवण होते, हा माझा मुद्दा आहे.

ठेका धरा

मी हौशी तबलावादक आहे आणि ड्रम्स थोडे शिकलो आहे, म्हणून फक्त अल जॅक्सनविषयी लिहितो.

त्याला सहकारी 'मानवी घड्याळ' म्हणत, पण ही उपाधी थोडी फसवी आहे, कारण घड्याळ कधी मुद्दाम मागे राहत नाही. १९६५ साली विल्सन पिकेट स्टॅक्समध्ये 'इन द मिडनाइट अवर' गायला आला, तेव्हा अटलांटिक कंपनीचा निर्माता जेरी वेक्सलर नियंत्रण कक्षातून बाहेर आला आणि तेव्हाचा 'जर्क' नावाचा नाच त्याने वादकांना करून दाखवला. त्या नाचात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर अंगाला हिसका बसतो. तो हिसका पकडण्यासाठी जॅक्सन आणि क्रॉपर यांनी त्या दोन मात्रा तसूभर उशिरा द्यायला सुरुवात केली. लय बदलत नाही, सम हलत नाही; केवळ आघात किंचित मागे रेलून बसतो. हे दोघांनी एकाच वेळी आणि एकाच मापाने करायचे, तेही कानाला हेडफोन न लावता, त्या उतरत्या जमिनीच्या मोठ्या खोलीत. विलंबित ख्यालाला ठेका धरणारा तबलजी ज्या संयमाने एकाच ठेक्याची आवर्तने घालत राहतो आणि तरी एक आवर्तन दुसऱ्यासारखे मरगळू देत नाही, त्या जातीचे हे काम आहे.

'मेल्टिंग पॉट'मध्ये मात्र जॅक्सन मागे रेलत नाही, हे आपण लिहायला हवे होते. येथे त्याची झांज दाट मात्रांनी पुढे ढकलत राहते, आणि ओढून धरण्याचे काम डनच्या बासकडे आले आहे. सव्वाआठ मिनिटांत त्याला हात मोकळा सोडायच्या कितीतरी संधी होत्या. त्याने त्या घेतल्या नाहीत. दादरकर याला सावधपणा म्हणतात. मी स्वतः पाच मिनिटे तशी दाट झांज न वाढवता, न घाई करता वाजवून पाहिली आणि तिसऱ्या मिनिटालाच मनगट आणि मन दोन्ही सुटले. ज्याला दाखवण्यासारखे काही नाही तो गप्प राहणे वेगळे, आणि ज्याला सगळे येते तो गप्प राहणे वेगळे.

न्यूयॉर्कमधल्या नाचाच्या क्लबांतले डीजे पुढे या रचनेवर इतके लुब्ध का झाले, याचे उत्तरही येथेच आहे. नाचणाऱ्याला ठेक्याने दगा दिलेला चालत नाही.

रेकॉर्डवेडी

या धाग्यावर आधीचा अल्बम, म्हणजे १९७० चा 'मॅक्लेमोर अव्हेन्यू', अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटले. 'मेल्टिंग पॉट' आकाशातून पडलेला नाही. त्याचा रियाज त्या अल्बममध्ये झाला होता.

सप्टेंबर १९६९ मध्ये बीटल्सचा 'ॲबी रोड' आला. तो ऐकून बुकर इतका भारावला, की त्याने तो जवळजवळ अख्खा अल्बम वाद्यांवर वाजवायचे ठरवले. मुखपृष्ठही तसेच केले: बीटल्स लंडनच्या स्टुडिओसमोरचा रस्ता ओलांडतात, तर हे चौघे मेम्फिसला स्टॅक्ससमोरचा मॅक्लेमोर अव्हेन्यू ओलांडतात. त्यावर पांढरे पट्टेही नाहीत, साधा वस्तीतला रस्ता आहे. आत चारच तुकडे आहेत. त्यांपैकी तीन गाण्यांच्या माळा आहेत आणि 'समथिंग' तेवढे स्वतंत्र आहे. पहिली माळ जवळपास सोळा मिनिटांची आहे. 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर', 'ओ डार्लिंग' आणि 'ऑक्टोपसेस गार्डन' ही गाणी त्यांनी सरळ वगळली. माझ्या मते मूळ अल्बमच्या संपादनाचे ते उत्तम काम आहे, पण त्यावर वेगळा धागा पेटेल, म्हणून थांबते.

मुद्दा असा, की तीन मिनिटांच्या चौकटीत वाढलेल्या या वादकांना लांब पल्ल्याची चाल तेथे सापडली. एका गाण्यातून दुसऱ्यात कसे उतरायचे, आवाज कोठे खाली आणायचा, तोच तुकडा परत आला तर त्याला कोणता रंग द्यायचा, हे सगळे दुसऱ्याच्या चालींवर घोटून झाले आणि मग वर्षाच्या आत स्वतःच्या चालींवर वापरले गेले. याला साथच म्हणायचे असेल तर पायपेटी यांच्या मताला माझ्याकडून एक पुरावा: 'मॅक्लेमोर अव्हेन्यू'मध्ये बुकर बीटल्सच्या गायनाची जागा ऑर्गनने भरतो, म्हणजे तेथे गायक अदृश्य असला तरी आहे. 'मेल्टिंग पॉट'मध्ये ती जागाच रिकामी ठेवली आहे. म्हणूनच मला 'मॅक्लेमोर' जास्त आवडतो आणि 'मेल्टिंग पॉट' जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन्ही तबकड्या माझ्याकडे आहेत, आणि कोणती अधिक घासली गेली आहे हे सुईला विचारले तर ती 'मॅक्लेमोर' असेच सांगेल.

सिली पॉइंट

मी या संगीतातला जाणकार नाही. नाव वाचल्यावर शोधले आणि चकित झालो. बीबीसीच्या टीव्हीवरील कसोटी क्रिकेटची जी खेळकर शीर्षकधून वर्षानुवर्षे वाजत असे आणि पुढे रेडिओवरच्या 'टेस्ट मॅच स्पेशल'नेही जी घेतली, ती याच संचाची 'सोल लिंबो' (१९६८) आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मामांच्या घरी ती धून लागली की स्वयंपाकघरातून मामी ओरडायची, "लागलं का तुमचं?" ती वाजवणारे मेम्फिसचे आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाच्या गावी क्रिकेट नाही, हे आज कळले.

टेनेसीकर

गेली अकरा वर्षे नॅशव्हिलजवळ राहतो आणि मेम्फिसला चार-पाच वेळा जाऊन आलो आहे. स्टॅक्सची मूळ इमारत १९८९ साली पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभे राहिले, आणि त्यात स्टुडिओची प्रतिकृती उतरत्या जमिनीसकट बांधली आहे. आत शिरताच मिसिसिपीच्या खेड्यातले एक जुने लाकडी चर्च उभे केलेले दिसते, म्हणजे दादरकरांच्या 'गळ्या'चा मुद्दा संग्रहालयालाही मान्य आहे. त्यापुढे स्टॅक्सचा गायक आयझॅक हेज याची सोन्याचा मुलामा दिलेली कॅडिलॅक गाडी आहे. लोक तिच्याभोवती गर्दी करतात. मी स्वतः त्या उतरत्या जमिनीवर बराच वेळ उभा राहिलो. पायांना तो उतार डोळ्यांच्या आधी कळतो.

लेखातल्या एका मुद्द्यावर मला भर घालायची आहे. बुकर 'कारभाराला विटला' एवढ्यावर ते आटोपल्याने तो प्रश्न लहान दिसतो. त्यामागे तीन वर्षांची पडझड आहे. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यात विमान कोसळून ओटिस रेडिंग गेला, आणि त्याच्याबरोबर बार-केज या तरुण वादकसंचातले चौघे गेले. रेडिंगचे 'डॉक ऑफ द बे' त्याआधी काही दिवसच मुद्रित झाले होते. ते क्रॉपरने त्याच्याबरोबर लिहिले होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते पूर्ण करून पाठवण्याचे काम क्रॉपरलाच करावे लागले. चारच महिन्यांनी, ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची लोरेन मोटेलमध्ये हत्या झाली. मेम्फिसमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय लोक बिनधास्त एकत्र बसू शकतील अशा थोड्या जागांपैकी ती एक होती. 'इन द मिडनाइट अवर' आणि 'नॉक ऑन वूड' ही गाणी क्रॉपरने आपल्या सहकाऱ्यांबरोबर त्याच मोटेलमध्ये बसून लिहिली होती. त्या दिवसानंतर स्टॅक्सच्या दाराबाहेरचे शहर बदलले, आणि आतले वातावरणही.

त्याच वर्षी अटलांटिकशी असलेला वितरणाचा करार संपला, आणि जिम स्टुअर्टला तेव्हा कळले की आपण न वाचता सही केलेल्या एका कलमामुळे तोवरच्या साऱ्या मूळ ध्वनिफिती अटलांटिकच्या मालकीच्या झाल्या आहेत. म्हणजे या चौघांनी ज्यांत जीव ओतला ती बहुतेक सगळी गाणी एका रात्रीत परक्याची झाली. मग कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या बड्या उद्योगसमूहाला विकली गेली. रिकामे झालेले दुकान भरायचे म्हणून स्टॅक्सचा कारभारी अल बेल याने १९६९ च्या मध्यावर एकदम सत्तावीस अल्बम बाजारात आणण्याचा घाट घातला. धंद्याच्या दृष्टीने ते धाडसी होते, आणि आयझॅक हेजचा 'हॉट बटर्ड सोल' त्यातूनच आला, हे खरे. पण चौघे वादक एका खोलीत बसून दुपारभर एक गाणे घडवत, ती पद्धत त्या वेगात टिकणे शक्य नव्हते.

येथेच मला पायपेटी यांच्याशी थोडा वाद घालायचा आहे. लांब रचनेचे धाडस स्टॅक्समध्ये 'हॉट बटर्ड सोल'ने आधीच केले होते. त्यात चारच गाणी आहेत, एक बारा मिनिटांचे आणि एक अठरा मिनिटांहून मोठे, आणि साथ नव्याने उभ्या राहिलेल्या बार-केजची आहे. एमजीजच्या जागेवर दुसरे वादक बसू लागले होते. तेव्हा सव्वाआठ मिनिटांचे स्वातंत्र्य त्यांनी लढून मिळवले असे मानायचे कारण नाही. ते दार उघडलेलेच होते. त्या दारातून त्यांनी काय आत नेले हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पायपेटी

टेनेसीकर, ही दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे, आणि मूळ लेखात 'हॉट बटर्ड सोल'चे नाव यायलाच हवे होते. मात्र दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकल्यास फरक स्पष्ट कळतो. हेज लांबीचा उपयोग नाट्यासाठी करतो: आधी बोलतो, कहाणी सांगतो, तारवाद्ये चढवत नेतो. एमजीज लांबीचा उपयोग काहीही न घडू देण्यासाठी करतात आणि तरीही कान बांधून ठेवतात. ठेका धरा यांनी लिहिलेला दाट झांजेचा मुद्दा मी इतकी वर्षे ऐकूनही शब्दांत पकडला नव्हता, त्याबद्दल विशेष आभार.

मिरजेचा तंबोरा

दोन लहान गोष्टी.

पहिली बाजू संपता संपता 'चिकन पॉक्स' नावाची साडेतीन मिनिटांची रचना आहे. कांजिण्यांवर इतकी चटकदार चाल कोणी केली असेल असे वाटले नव्हते. पण ही मंडळी आपल्या रचनांना नावे ठेवताना कांदे आणि रोग यांत फरक करत नाहीत असे दिसते.

दुसरी गोष्ट दादरकरांच्या 'आ-ऊ' विषयी. त्या आवाजांना शब्द नाहीत हे त्यांनीच लिहिले आहे. शब्द नसलेला गळा हे वाद्यच झाले. 'काइंडा ईझी लाइक'मध्ये आणि पुढे 'एल.ए. जॅझ साँग'मध्येही ते आवाज पुढे येऊन काही मागत नाहीत. ऑर्गनचा एक जादा सूर उघडावा तसे मागे पसरतात आणि मिटतात. जन्मभर गायकांच्या मागे वाजवलेल्या माणसांनी आपल्या शेवटच्या अल्बममध्ये गायकांनाच मागे उभे केले, यातली खोडी मला फार भावली. मात्र रचना लांबली आहे, याविषयी मी दादरकरांच्या बाजूचा आहे. सहाव्या मिनिटाला मी चहा टाकायला उठलो, तो उकळेपर्यंत फारसे काही बदलले नव्हते.

नवशिका

वरील सर्व वाचून हा संच प्रथमच ऐकला. प्रश्न असा: न्यू ऑर्लिअन्सच्या मीटर्स या संचाचे नाव सोबत येत राहते. दोन्हींत ऑर्गन, गिटार, बास आणि ड्रम्स. दोन्ही संच इतरांना साथ करणारे. मग फरक कोणता ऐकावा?

ठेका धरा

आघात कोठे पडतात ते ऐका. मीटर्सचे १९६९ चे 'सिसी स्ट्रट' लावा. झिगाबू मॉडेलिस्टचे ड्रम्स अपेक्षित जागा सोडून आजूबाजूला पडतात, न्यू ऑर्लिअन्सच्या रस्त्यावरच्या मिरवणुकीतल्या ढोलांची ती चाल आहे, आणि चौघे वादक एकमेकांच्या पायात पाय अडकवत पुढे जातात. एमजीज सरळ रस्त्याने चालतात. मीटर्स ऐकताना समेची वाट पाहावी लागते. एमजीज ऐकताना सम हातात असते, आणि लक्ष तिच्या आधीच्या रिकाम्या जागेकडे जाते. आपण आधी 'मेल्टिंग पॉट'ची पहिली बाजू ऐकावी, मग मीटर्स, आणि पुन्हा 'मेल्टिंग पॉट'.

रेकॉर्डवेडी

नवशिका यांच्यासाठी आणखी एक. या अल्बमनंतर संच फुटला. बुकर परतला नाही, क्रॉपरनेही स्टॅक्स सोडले. पण १९७१ मध्येच बुकरने गायक बिल विदर्सचा पहिला अल्बम 'जस्ट ॲज आय ॲम' निर्माता म्हणून केला, आणि त्यातल्या 'एन्ट नो सनशाइन'वर बास डनचा आहे, ड्रम्स जॅक्सनचे. 'मेल्टिंग पॉट' ऐकून लगेच ते गाणे लावावे. 'आय नो'ची जी लांबलचक आवर्तने आहेत, तेथे हे तिघे काय करतात ते पाहावे.

जॅक्सन त्याच सुमारास मेम्फिसच्याच हाय रेकॉर्ड्समध्ये गायक अल ग्रीनबरोबर वाजवू लागला होता. 'लेट्स स्टे टुगेदर'च्या तीन लेखकांपैकी तो एक आहे. १९७५ मध्ये चौघांनी पुन्हा एकत्र यायचे ठरवले होते, आणि १ ऑक्टोबरला जॅक्सनचा त्याच्या राहत्या घरी गोळ्या घालून खून झाला. त्याच डिसेंबरात स्टॅक्सही दिवाळखोरीत निघाली. एमजीज पुढे इतर ड्रमवादकांबरोबर वाजले, काही अल्बमही केले, पण माझ्या कपाटात त्यांचा खण 'मेल्टिंग पॉट'पाशी संपतो.

दादरकर

गेले तीन दिवस हा धागा वाचत होतो. ठेका धरा यांच्या सांगण्यावरून काल रात्री पहिली बाजू ऐकली, आणि या वेळी ऑर्गनकडे हट्टाने दुर्लक्ष करून केवळ बास आणि झांज यांच्याकडे कान ठेवला. मध्यावर आवाज खाली येतो तेथे मी आजवर कंटाळून पुढे सरकत असे. काल तेथे जॅक्सन आवाज उतरवतो, पण लय एका केसानेही सैल सोडत नाही, हे प्रथमच ऐकले. खाली उतरणे इतके अवघड असते याची मला कल्पना नव्हती. चटणीचे विधान पहिल्या बाजूपुरते मागे घेतो.

सोल गळ्यातच असते, हे मात्र मी अजून म्हणतो. रेकॉर्डवेडी यांनी सांगितले म्हणून त्यानंतर लगेच बिल विदर्स लावला. तो गाऊ लागताच खोलीत कोणीतरी आल्यासारखे वाटले, आणि हे तिघे क्षणात मागे सरकले.

पायपेटी

ते मागे सरकले हे आपल्याला ऐकू आले ना? मग आता दुसरी बाजू घ्या. 'काइंडा ईझी लाइक' तूर्त वगळा, तंबोरासाहेबांच्या चहाच्या वेळी ऐकता येईल. 'सनी मंडे'पासून सुरू करा, ती शेवटची आहे आणि साडेचार मिनिटांचीच आहे. सुरुवातीची गिटार ऐकून रेकॉर्डवेडी यांचा 'ॲबी रोड'चा मुद्दा आठवतो का, तेवढे येथे येऊन कळवा.